सोडतीचा वर्ग

शाळेत त्यांना सगळे कारणबाई म्हणत. भूमितीच्या सिद्धतेत डावीकडे विधान लिहायचं आणि उजवीकडे त्याचं कारण. मुलं विधानं धडाधड लिहीत आणि उजवा रकाना कोरा सोडून मोकळी होत. त्या कोऱ्या जागेत मग बाईंच्या लाल पेनाने एकच शब्द उमटे, ‘कारण?’ उत्तर शेवटपर्यंत बरोबर असलं तरी गुण कापले जात आणि त्यावर रदबदली चालत नसे. एकदा रजेचा अर्ज घेऊन जाणाऱ्या शिपायालाही बाईंनी सवयीने विचारलं होतं, "कारण?" तो म्हणाला, "बाई, अर्ज दुसऱ्याचा आहे, मी नुसता घेऊन चाललोय."

शाळा सरकारी होती, पण तिच्या नावाला शहरात वजन होतं. आठवीत प्रवेश मिळायचा तो परीक्षा देऊन. शहरभरातली मुलं त्या परीक्षेला बसत आणि त्यातली मोजकीच घेतली जात. बाई स्वतः तिथल्याच विद्यार्थिनी होत्या, आणि कित्येक वर्षं त्या प्रवेश परीक्षेचा गणिताचा पेपर त्याच काढत होत्या.

यात एक अडचण होती आणि ती घरातच राहत होती. बाईंचं घर दोन मजली. वर बाई आणि त्यांचे यजमान, खाली यजमानांची धाकटी बहीण आणि तिची मुलगी. नणंदेचा नवरा परगावी नोकरीला होता, महिन्यातून एखाद्या वेळी यायचा. नणंद पुढच्या खोलीत क्लास घेई, आणि क्लास नेमका त्याच प्रवेश परीक्षेचा होता. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत पाढ्यांचा गजर. जिना चढताना बाईंना तो रोज ऐकू यायचा. पण पेपर काढायचा तो शाळेत, ठेवायचा तो शाळेच्या कपाटात, असा बाईंचा शिरस्ता होता. परीक्षेच्या दिवसांत तर त्या घरी त्रिकोण हा शब्दसुद्धा उच्चारत नसत. बाहेरचे लोक काय बोलायचे ते बोलत. नणंदेने मात्र कधी आडून आडूनही विचारलं नाही. "वहिनींनी सांगायला घेतलं असतं तरी मी कानांत बोटं घातली असती," ती म्हणायची. "माझी मुलं माझ्या शिकवण्यावर आत जातात."

यजमान दातांच्या कवळ्या बनवत. वरच्याच मजल्यावर मागच्या पडवीत त्यांचं टेबल होतं, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. घराच्या दोन मजल्यांना ते वरचा जबडा आणि खालचा जबडा म्हणत. "दोन्ही नीट बसले तर घास चावता येतो. नाहीतर नुसता खडखडाट."

बाई पन्नाशीत आल्या त्या वर्षी खडखडाट सुरू झाला.

शिक्षण खात्याने प्रवेश परीक्षा बंद केली. परीक्षेमुळे ठरावीक वस्त्यांतलीच मुलं शाळेत येतात, क्लास परवडतो त्यांचीच येतात, असा आक्षेप बरीच वर्षं घेतला जात होता. आता ठरलं असं की शहराच्या प्रत्येक भागाला जागा वाटून द्यायच्या, सातवीत साठ टक्के मिळवलेल्या कुणालाही अर्ज करता येईल, आणि अर्ज जास्त आले तर सोडत काढायची.

शिक्षकांच्या सभेत बाई उभ्या राहिल्या आणि विरोधात बोलल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. परीक्षा वाईट असेल तर चांगली परीक्षा काढा. पण मूल आत का आलं आणि बाहेर का राहिलं, हे त्याला सांगता आलं पाहिजे. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, हा निर्णय वरून आलाय. आपण त्यावर मतदान करत नाही आहोत."

घरी येईपर्यंत ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती, आणि तीही उलटी होऊन. नणंदेला कुणीतरी सांगितलं होतं की सभेत कुणीच विरोध केला नाही. नणंदेची स्वतःची मुलगी त्या वर्षी सातवीत होती. दोन वर्षं ती आईच्या क्लासमध्ये पहिल्या बाकावर बसून तयारी करत होती.

"वहिनी, तुम्ही तिथे होतात ना?" नणंद जिन्यातच उभी होती.

"होते. विरोधात बोलले."

"मग काय झालं?"

"काही नाही झालं."

"तेच म्हणते मी," नणंद म्हणाली आणि आत गेली.

सोडत शाळेच्या सभागृहात झाली. पंखे फिरत होते पण हवा लागत नव्हती. व्यासपीठावर पडदा लावला होता आणि संगणकाने निवडलेला अर्ज क्रमांक त्यावर उमटत होता. सगळं उघडपणे होतंय हे दिसावं म्हणून दोन ज्येष्ठ शिक्षकांना साक्षीदार म्हणून वर बसवलं होतं, त्यातल्या एक म्हणजे कारणबाई. समोर तिसऱ्या रांगेत नणंद आणि भाची. क्रमांक उमटला की सभागृहात कुठेतरी एक कुटुंब उडी मारून उठायचं आणि बाकीचे मान वळवून त्यांच्याकडे पाहायचे. भाचीच्या भागाच्या जागा तिचा क्रमांक न येताच संपल्या तेव्हा तिने हातातल्या कागदाची घडी घातली. रडली नाही. पुढच्या भागाचे क्रमांक सुरू झाले तरी ती तशीच बसून होती, कारण मधेच उठून जाणं बरं दिसत नाही असं तिला वाटलं असावं.

रात्री जेवणं झाल्यावर ती वर आली. मामाच्या टेबलाशी थोडा वेळ रेंगाळली, एक प्लास्टरचा जबडा उघडून मिटून पाहिला.

"मामी, नापास झाले असते तर मला कळलं असतं, माझं काय कमी पडलं ते."

"हो."

"यात काय कमी पडलं?"

"काहीच नाही."

"मग मी का नाही?"

बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांना कारण विचारलं होतं. "तुझा नंबर लागला नाही," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते विधान होतं हे त्या दोघींनाही कळत होतं. भाची खाली गेली. त्यानंतर कित्येक महिने नणंद वहिनीशी कामापुरतं बोलायची. पाण्याची टाकी भरली, वीजवाला येऊन गेला, इतकंच.

जूनच्या आधी शाळेत तासांची वाटणी झाली. सोडतीतून आलेल्या मुलांच्या वर्गाला शिक्षक खोलीत सोडतीचा वर्ग असं नाव आधीच पडलं होतं. तो घ्यायला कुणी तयार नव्हतं. एकाला दहावीचा निकाल सांभाळायचा होता, दुसऱ्याची पाठ दुखत होती. बाई ज्येष्ठ होत्या, त्यांना तो घ्या असं कुणी म्हणणारही नव्हतं. त्यांनी स्वतःच सांगितलं, "तो वर्ग मला द्या."

मुख्याध्यापक चकित झाले. "तुम्ही तर विरोधात होतात."

"अजूनही आहे. दर्जा घसरणार असेल तर तो कुठे घसरतो ते मला बघायचंय."

पहिल्या घटक चाचणीत अर्ध्याहून जास्त वर्ग नापास झाला. बाईंनी पेपर दरवर्षीसारखाच काढला होता. उत्तरपत्रिका तपासताना एकीपाशी त्या थांबल्या. दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा समोरासमोरचे कोन समान असतात हे सिद्ध करायचं होतं. मुलीने आकृती सुरेख काढली होती, डाव्या रकान्यात ‘दोन्ही कोन समान’ असं लिहिलं होतं आणि उजव्या रकान्यात, कारणाच्या खाली, वळणदार अक्षरात: ‘सरांनी सांगितले.’

बाईंना आधी राग आला. मग त्या शिक्षक खोलीत स्वतःशीच हसल्या, आणि ते पाहून शेजारचे सर घाबरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला उभं केलं. ती खिडकीजवळ बसायची. शहराच्या पार टोकाला, मालगाड्यांच्या यार्डाच्याही पलीकडे राहायची. तिच्या भागातून अर्जच थोडे आले होते.

"कोणत्या सरांनी सांगितलं?"

"आधीच्या शाळेतल्या."

"आणि सर चुकले असले तर?"

मुलीने विचार केला. "सर चुकत नाहीत." मग जरा थांबून, "एकदा माझ्या बहिणीचं नाव चुकवलं होतं."

"मग?"

"मग ती वर्षभर त्याच नावाने हजेरी देत होती."

वर्ग हसला. बाईंनी खडू खाली ठेवला. त्या महिन्यात त्यांनी पुस्तक उघडलं नाही. रोज फळ्यावर दोन रकाने आखायचे आणि डावीकडे वर्गातलंच काहीतरी लिहायचं. हे दार आत उघडतं. या खिडकीचा गज वाकलेला आहे. चौथ्या बाकाचा पाय डुगडुगतो. उजव्या रकान्यात वर्गाने कारण द्यायचं, आणि ‘असंच आहे’ हे कारण चालणार नाही. दाराच्या बिजागऱ्यांवर एक अख्खा तास भांडण चाललं. शेजारच्या वर्गावरचे सर येऊन दारातून पाहून गेले आणि शिक्षक खोलीत म्हणाले, "आता आपण सुतारकाम शिकवतोय."

महिन्यानंतर बाई रेषा आणि कोनांकडे वळल्या तेव्हा उजवा रकाना कोरा राहीनासा झाला. कारणं चुकायची, पण असायची. तरी एक गोष्ट बाईंना रोज खुपत होती. या मुलांची आकडेमोड कच्ची होती. अपूर्णांक आला की निम्म्या वर्गाचं बोट अडायचं. जुन्या मुलांमध्ये आणि यांच्यात फरक होता, आणि तो नाही असं बाई कधी म्हणाल्या नाहीत.

सहामाहीच्या सुमारास दोन माणसं त्यांच्याकडे येऊन गेली. आधी मुख्याध्यापक. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, चहा मागवला आणि म्हणाले, "खातं निकाल मागवणार आहे. पेपर जरा हलका काढला तर मुलांनाही हुरूप येईल."

"हलका म्हणजे?"

"म्हणजे, तुम्ही समजून घ्या."

दुसरा आला तो बाईंचाच जुना विद्यार्थी, आता वकील. माजी विद्यार्थ्यांनी सोडतीविरुद्ध दावा लावायचं ठरवलं होतं. तो घरी आला, वाकून नमस्कार केला, आणि वर्गात किती मुलं नापास झाली याचे आकडे मागितले. "बाई, तुम्हीच आम्हाला घडवलंत. शाळेचं वाटोळं होताना कसं बघवतं तुम्हाला?"

"तुला बघवत नसेल तर वर्गात येऊन बस एक दिवस," बाई म्हणाल्या. "आकडे मिळणार नाहीत."

"पण तुम्ही आमच्याच बाजूच्या ना?"

"सोडतीच्या विरोधात आहे. मुलांच्या विरोधात नाही."

तो गेल्यावर यजमान पडवीतून म्हणाले, "दोन्ही बाजूंना राग आणलास. आता निदान घरातली एक बाजू तरी परत मिळव."

खालच्या मजल्यावर त्या दिवसांत शांतता होती. परीक्षाच उरली नाही म्हटल्यावर क्लास ओस पडला. चपलांचा ढीग नाहीसा झाला. नणंद रिकाम्या बाकांवरची धूळ रोज पुसायची आणि उरलेला वेळ लेकीच्या मागे लागायची. भाची जवळच्याच साध्या शाळेत जात होती. तिथे वर्षाच्या सुरुवातीपासून भूमितीला शिक्षक नव्हता. त्या तासाला मुलं चित्रं काढत.

एका रविवारी बाई जिना उतरून खाली गेल्या. नणंद भाजी निवडत होती. बाईंनी समोर बसून चार शेंगा सोलल्या.

"माझ्या वर्गाला अपूर्णांक येत नाहीत," त्या म्हणाल्या.

"मग शिकवा."

"मला तेवढा वेळ मिळत नाही, आणि तुझ्यासारखं घोटून घेणं मला जमतही नाही. मुलं संध्याकाळी इथे येतील. तू घे."

नणंदेने हातातली शेंग खाली ठेवली. "माझ्या लेकीची जागा घेतलेल्या मुलांना मी माझ्याच घरात शिकवू?"

"तिची जागा त्यांनी घेतली नाही. त्यांनाही कुणी विचारून आत घेतलं नाही."

"वहिनी, माझ्याकडे हुशार मुलं यायची."

"हुशार होऊन जायची. यायची तेव्हा कशी होती ते मी जिन्यावरून ऐकत आलेय."

नणंदेने उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. मग म्हणाली, "किती जणं आहेत?" मुलांच्या भल्यासाठी वगैरे नव्हे. तिला नुसतं बसवत नव्हतं, हे तिने पुढे स्वतःच कबूल केलं.

पहिल्या संध्याकाळी दार भाचीने उघडलं. सगळ्यांत पुढे खिडकीजवळची मुलगी उभी होती, दोन बस बदलून आलेली. दोघी एकाच वयाच्या, जवळपास एकाच उंचीच्या. भाचीने तिच्या अंगावरचा शाळेचा गणवेश खालपासून वरपर्यंत पाहिला.

"तुझा सोडतीचा नंबर काय होता?"

"आठवत नाही."

"आठवत नाही?"

"अर्ज बाबांनी भरला होता. मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, शाळा लांब आहे, कशाला."

भाचीचा चेहरा लाल झाला. आतून नणंदेने हाक मारली, "दारात कोण आहे ते आत घे, डास येतात." भाचीने दार पूर्ण उघडलं आणि त्या सगळ्यांच्या आधी आत जाऊन तिच्या नेहमीच्या पहिल्या बाकावर बसली.

पुढे त्या दोघी मैत्रिणी झाल्या असं सांगता आलं असतं, पण तसं झालं नाही. भाची रोज त्या क्लासला बसायची कारण तो तिच्या घरात होता. नणंद अपूर्णांक घोटून घ्यायची, पाढे उलटे म्हणायला लावायची, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. शनिवारी बाई खाली उतरून भूमिती घ्यायच्या. भाचीच्या शाळेत ती शिकवली जात नव्हती, त्यामुळे तिच्या वाट्याला तेवढीच यायची. खिडकीजवळची मुलगी अपूर्णांकांत शेवटपर्यंत अडखळली. पण आकृती पाहून कुठली रेषा वाढवायची हे तिला पटकन सुचायचं, आणि ते भाचीला सहन व्हायचं नाही. एकदा भाचीने तिची सिद्धता तपासली, दोन चुका काढल्या, आणि तिसऱ्या ठिकाणी चूक काढता न आल्यामुळे कागद बाईंकडे आणला.

"मामी, हे बरोबर आहे का?"

"तुला काय वाटतं?"

"बरोबर आहे," भाची म्हणाली, नाइलाजाने.

सोडतीचा वर्ग दहावीला बसला तेव्हा त्यातली काही मुलं आधीच दुसऱ्या शाळांत निघून गेली होती. निकाल पूर्वीइतका लागला नाही. एकदम कोसळलाही नाही. मुख्याध्यापकांनी खात्याला कळवलं की प्रयोग आशादायक आहे. वकिलाने वर्तमानपत्राला सांगितलं की शाळेची परंपरा धोक्यात आहे. दोघांपुढे आकडे तेच होते. खिडकीजवळची मुलगी पास झाली. भूमितीत तिला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते, बाकी विषयांत बेताचे. पुढे तिने इमारतींचे आराखडे काढण्याचा अभ्यासक्रम घेतला. भाचीला तिच्या शाळेत सगळ्यांत जास्त गुण मिळाले. तिने कुणालाच पेढा, साखर काही दिलं नाही, नुसतं निकालपत्र मामाच्या टेबलावर, जबड्यांच्या मधोमध, ठेवून गेली.

दावा चालला, सरकार बदललं, खात्यातली माणसंही बदलली. मग नवा निर्णय आला, निम्म्या जागा परीक्षेने आणि निम्म्या सोडतीने. नणंदेने पुन्हा पाटी लावली. आता तिच्याकडे परीक्षेची मुलं सकाळी आणि सोडतीची संध्याकाळी येत, आणि सकाळच्यांपेक्षा संध्याकाळचे बरे, निदान त्यांचे आईबाप दर आठवड्याला जिन्यात गाठत नाहीत, असं ती म्हणायची.

बाईंना पुन्हा पेपर काढायला सांगितलं. त्यांनी काढला. त्यात एक सिद्धता पूर्ण करून छापली होती आणि विचारलं होतं, यातली चुकीची पायरी कोणती, आणि ती का चुकीची? क्लासमधल्या कुठल्याच पोराकडून असलं काही करून घेतलेलं नव्हतं, नणंदेच्या तर नाहीच. पालकांच्या तक्रारींचा पाऊस पडला. नणंद वर येऊन म्हणाली, "वहिनी, हा काय प्रकार?" आणि म्हणता म्हणता बसली, पेपर हातात घेतला आणि ती पायरी शोधू लागली. पुढच्या वर्षी पेपर काढायचं काम एका तरुण शिक्षकाकडे गेलं. बाईंनी आपली बाजू मांडायला कुणाकडे खेटे घातले नाहीत.

निवृत्त झाल्यावर दोन महिने त्या घरी होत्या. यजमानांच्या टेबलावर हातभार लावायला गेल्या आणि कवळीत दात जरा डावीकडे झुकलाय असं दाखवू लागल्या, तेव्हा यजमान हात जोडून म्हणाले, "तू कुठेतरी शिकवायला जा."

भाचीच्या जुन्या शाळेत भूमितीची जागा अजून भरलेली नव्हती. बाईंनी जाऊन विचारलं. तिथल्या मुख्याध्यापिकेला आधी खरं वाटेना. त्या नामांकित शाळेतल्या बाई इथे कशाला येतील? त्यांनी स्पष्ट सांगितलं, इथे निवड वगैरे काही नसते, दाराशी येईल त्याला बाकावर जागा द्यायची, आणि बाकही पुरत नाहीत.

"चालेल," बाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी वर्गात फळा नुकताच पुसलेला, ओला होता. खडू उमटेना. मागची मुलं खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती, पुढची एकमेकांना कोपरं मारत होती. बाईंनी फळा वाळायची वाट पाहिली, मग मधोमध एक उभी रेषा आखली, आणि वर्गाला वह्या उघडायला सांगितल्या.